नाव बाबासाहेबांचे, मीटर मालकाचे

चाकण एमआयडीसीच्या कडेला एक वाडी आहे. काही वर्षांपूर्वी तिथे एका शेतकऱ्याचा गोठा होता. आज त्याच जागेवर पत्र्याच्या दहा खोल्या आहेत. कुठे तीन-चार पोरे एकत्र राहतात, कुठे एक कुटुंब. गोठ्याच्या खोल्या झाल्या, भाडे सुरू झाले, पण मीटर एकच राहिले, तेही मालकाच्या घराच्या भिंतीवर. खोल्यांना आतून छोटे सब-मीटर बसवलेत. दर महिन्याला मालकाचा मुलगा वही घेऊन येतो, आकडा टिपतो आणि त्याने ठरवलेल्या दराने रोख पैसे घेतो. पावती मिळत नाही. मूळ बिल या दहा खोल्यांतल्या कोणीही आजवर पाहिलेले नाही.

यातल्या एका खोलीत परभणीकडची आपली एक ताई राहते. नवरा कंपनीत ठेकेदाराकडे, ती पॅकिंगच्या कामाला. तिने एकदा मालकाला विचारले, "दादा, बिल बघू का जरा?" उत्तर आले, "बिल बघायचं असेल तर खोली पण दुसरी बघा." मग तिने स्वतःच्या नावाने मीटर घ्यायचे ठरवले. एका एजंटाला गाठले. त्याने मालकाची एनओसी मागितली, घराच्या उताऱ्याची नक्कल मागितली आणि 'सगळे मिळून' म्हणून जो आकडा सांगितला तो तिच्या एका महिन्याच्या पगाराच्या वर होता. त्यात मीटरचे किती, अनामत किती, त्याचे स्वतःचे किती, हे काही सांगितले नाही. ताई परत आली आणि पुढच्या महिन्यात मालकाच्या वहीप्रमाणे पैसे भरले.

मी सामाजिक कामाच्या निमित्ताने या पट्ट्यात फिरतो. भोसरी, चिखली, मोशीपासून कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगेपर्यंत ही गोष्ट मला नाव बदलून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. आपण तिला 'किरकोळ तक्रार' म्हणून सोडून देतो. मोर्चा निघतो तो अत्याचारावर, आरक्षणावर, पुतळ्यावर. मीटरवर निघत नाही. माझे म्हणणे असे की मीटरचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे, आणि तो आपण हातात न घेणे ही आपली चूक आहे.

खोल्या कोणी बांधल्या, कशासाठी बांधल्या

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली 1954 साली. 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे सगळा पट्टा कारखान्यांचा झाला. कामगार राहणार कुठे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते याच प्रश्नासाठी. 2021 मध्ये ते पीएमआरडीएत विलीन होऊन गेले. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत या शहरात कामगारांना छप्पर कोणी दिले? मुख्यतः गावठाणातल्या आणि गुंठ्यातल्या चाळींनी दिले. 1997 ला आसपासची गावे महापालिकेत आली आणि चाळी आणखी वाढल्या. पुढे चाकणला कारखाने गेले तशा चाळीही गेल्या.

म्हणजे या खोल्या ही काही मालकांची मेहरबानी नाही. कारखान्यांना स्वस्त मजूर हवा होता, शासनाने त्याच्या घराची जबाबदारी टाळली आणि ती पोकळी चाळीने भरली. ज्याच्याकडे जमीन होती तो मालक झाला. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन येऊच दिली नाही, तो मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर भारतातून येऊन भाडेकरू झाला. जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, हे जातीने ठरवले. त्यामुळे आज भिंतीवर मीटर कोणाचे आणि सब-मीटर कोणाचे, हेही बऱ्याच अंशी जातीनेच ठरवलेले आहे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती इथे वायरीवरून मोजता येते. मीटर मालकाचे, सब-मीटर भाडेकरूचे, आणि त्याच्याही खाली आकडा टाकून दिवा लावणारा पालावरचा माणूस. प्रत्येक जण खालच्याकडे बघून समाधान मानतो, म्हणून वरच्याला प्रश्न विचारला जात नाही.

एका मीटरचे गणित

आता पैशाचे बघू. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत. 1 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे. विचार असा की कमी वापरणाऱ्या गरिबाला स्वस्त, जास्त वापरणाऱ्या श्रीमंताला महाग. अलीकडच्या दरपत्रकांत सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या साधारण तिप्पट आहे. कल्पना चांगली आहे. आता ती आपल्या दहा खोल्यांना लावू.

समजा प्रत्येक खोली महिन्याला 70 युनिट वापरते. एक पंखा, दोन दिवे, एक टीव्ही, मोबाइल, याच्या पलीकडे फार काही नाही. प्रत्येकीचे स्वतंत्र मीटर असते तर सगळीच 700 युनिटे पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसली असती. पण मीटर एक आहे. मग 700 पैकी फक्त 100 युनिटे पहिल्या टप्प्यात जातात, 200 दुसऱ्या, 200 तिसऱ्या आणि उरलेली 200 थेट सगळ्यात महाग टप्प्यात. स्वतंत्र मीटर घेतले तर स्थिर आकार दहा वेळा भरावा लागेल, हे खरे. तो धरूनही दहा बिलांची बेरीज एका मोठ्या बिलापेक्षा बरीच कमी येते.

म्हणजे एक पंखा लावणारी ताई एसी लावणाऱ्या बंगल्याच्या दराने वीज वापरते. गरिबासाठी केलेला टप्पा गरिबापर्यंत पोचण्याआधीच भिंतीवर संपतो. त्यावर मालक स्वतःचे काही चढवतो ते वेगळेच. वीज कायदा 2003 च्या कलम 12 प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही विजेचे वितरण किंवा व्यापार करता येत नाही. मग जास्त दराने युनिट मोजून रोख पैसे घेणे याला काय म्हणायचे, ते यंत्रणेनेच सांगावे.

आणखी एक गोष्ट. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकासाठी सरकार जी सवलत जाहीर करते, ती 'ग्राहका'साठी असते. आपली ताई ग्राहकच नाही. कागदोपत्री ती वीज वापरतच नाही. बिल हा रहिवासाचा पुरावा म्हणून चालतो, तोही तिच्याकडे नाही. रेशनकार्डाचा पत्ता बदलताना, पोराच्या शाळाप्रवेशाला तिला पुन्हा मालकाच्याच दारात जावे लागते. मीटर नसणे म्हणजे नुसता अंधार नव्हे. या शहरात तुमचा पत्ता नसणे होय.

योजना होती, पण कोणासाठी?

कोणी म्हणेल, आपल्यासाठी तर खास योजना होती. होती. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना'. अनुसूचित जाती आणि जमातीच्या कुटुंबांना प्राधान्याने घरगुती जोडणी, अनामत फक्त 500 रुपये, तीही पाच समान हप्त्यांत. सुरू झाली 14 एप्रिल 2021 ला आणि मुदत ठेवली 6 डिसेंबर 2021 पर्यंत. जयंतीला उघडले, महापरिनिर्वाण दिनाला बंद करायचे ठरवले. बाबासाहेबांनी हक्क मागितले होते, त्यांच्या नावाने मिळाली ती मुदतीची सवलत.

पण मुदतीपेक्षा मोठी अडचण आत होती. अर्जाला जातीचा दाखला हवा, रहिवासाचा पुरावा हवा, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल हवा. चाकणच्या खोलीत राहणाऱ्याचा दाखला नांदेडला किंवा वाशिमला, रहिवासाचा पुरावा मालकाच्या हातात, आणि ठेकेदाराचा अहवाल एजंटाच्या खिशात. स्वतःचे घर असलेल्यासाठी ही योजना उपयोगी होती, ते नाकारायचे कारण नाही. भाड्याने राहणाऱ्या बौद्ध, मातंग, चर्मकार कामगाराला तिच्यात शिरायला दारच नव्हते.

2017 च्या सौभाग्य योजनेचेही तेच. वीज नसलेले घर शोधा आणि जोडणी द्या, असा तिचा हिशेब. पण आमच्या दहा खोल्यांत दिवा लागतो. मग ते 'वीज असलेले घर' ठरते. दिवा कोणाच्या मर्जीने लागतो, हे कोणत्याही रकान्यात लिहीत नाहीत. देशातल्या प्रत्येक घरात वीज पोचल्याच्या घोषणेत ही ताईसुद्धा मोजली गेली असणार. मालकाच्या मीटरसकट.

महाग काय आहे, आणि का आहे

नव्या जोडणीचा खर्च तीन-चार तुकड्यांचा असतो. अर्जाचे शुल्क, खांबापासून घरापर्यंतच्या वायरीचे सेवा जोडणी शुल्क, अनामत रक्कम, आणि घरातल्या वायरिंगच्या तपासणीचा अहवाल. यातली पहिली तीन वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या तक्त्याप्रमाणे आणि नियमांप्रमाणे ठरतात. अनामत सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट घेतात. 2021 च्या नियमांनी ती एका महिन्यावरून दोन महिन्यांवर नेली. ही वाढ स्वतःच चुकीची आहे असे माझे मत आहे, कारण रोजंदारीच्या माणसाला दोन महिन्यांचे बिल आगाऊ भरणे सोपे नसते. तरीही कमी वापराच्या खोलीसाठी ही अधिकृत बेरीज डोळे फिरवणारी नसते.

मग एजंटाचा आकडा फुगतो कुठे? दोन ठिकाणी. पहिले, कागदांच्या अडचणीत. जितकी अट अस्पष्ट, तितका मधल्या माणसाचा भाव मोठा. गोठ्याच्या खोल्या केल्या तेव्हा ग्रामपंचायतीत नोंद केली नाही, नमुना 8 मध्ये दहा खोल्या दिसत नाहीत, मग 'आपण बघून घेऊ'. या 'बघून घेऊ'ची किंमत भाडेकरू देतो. दुसरे, रोहित्राच्या नावाने. 'इथला डीपी भरलाय, नवा डीपी, नवे खांब लागतील, तो खर्च तुम्हालाच.' हे वाक्य या पट्ट्यात सगळ्यांनी ऐकले आहे.

या दुसऱ्या वाक्याचे उत्तर नीट पाठ करून ठेवा. 8 सप्टेंबर 2006 ला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 2005 च्या प्रकरण क्रमांक 70 मध्ये आदेश दिला. स्वतःपुरती वेगळी, समर्पित यंत्रणा मागणारा ग्राहक सोडला, तर जाळे उभारायचा खर्च ग्राहकाकडून घेता येणार नाही, मीटरची किंमतही घेता येणार नाही, असा त्याचा गाभा. कारण साधे आहे. जाळ्याचा खर्च कंपनी वीजदरातूनच वसूल करते. रोहित्राचे पैसे आपण सगळे दर महिन्याच्या बिलात भरतच असतो. तेच पुन्हा जोडणीच्या वेळी मागणे म्हणजे एका बैलाचे दोनदा पैसे घेणे. आधी घेतलेले परत करण्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2016 मध्ये तिथे कंपनीचे अपील फेटाळले गेले. दहा वर्षे गेली, पण निकाल ग्राहकाच्या बाजूने आहे. किती वस्त्यांत हा आदेश कोणी वाचून दाखवला?

कायदा 'मालक' म्हणत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचे. वीज कायदा 2003 चे कलम 43 सांगते की जागेचा मालक किंवा ताबेदार, यांपैकी कोणीही अर्ज केला तर वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. 'किंवा ताबेदार' हे दोन शब्द आपल्या आहेत. जो त्या खोलीत राहतो तो ताबेदार. अर्ज करून बसल्यावर वीज न देणाऱ्या कंपनीला दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे.

मालकाच्या एनओसीचे काय? 13 मे 2022 ला दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मिटवला. वीज ही मूलभूत सुविधा आहे. मालक ना हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेच्या ताब्यात आहे की नाही, एवढेच वीज यंत्रणेने पाहायचे. चार वाक्यांचा मामला आहे. त्याची प्रत खिशात ठेवली तर अर्धे भांडण तिथेच संपते.

केंद्राचे 2020 चे ग्राहक हक्क नियमही आहेत. 10 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला ओळखीचा पुरावा आणि मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा, एवढीच कागदपत्रे. जोडणीची रक्कम भाराप्रमाणे ठरलेली असावी, प्रत्येक घरासाठी वेगळा अंदाज काढत बसू नये, असेही त्यात आहे. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने मुदत आणखी कमी केली. महानगरात 3 दिवस, इतर पालिका क्षेत्रात 7, ग्रामीण भागात 15. जाळे वाढवायची गरज असेल तर वेळ लागतो, पण ती गरज आहे हे लेखी सांगावे लागेल.

ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट. पिंपरीच्या मिलिंदनगरात, चिंचवडच्या आनंदनगरात अनेक बायांनी पुढच्या खोलीत शिलाईचे, किराण्याचे दुकान टाकलेय. घराचे दुकान झाले की 'कमर्शियल मीटर घ्या, नाहीतर कारवाई होईल' अशी भीती घातली जाते. घराच्या भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटांच्या आत आणि वर्षाला 3600 च्या आत असेल, तर घरगुतीच दर लागतो, असे आयोगाच्या दर आदेशांत लिहिलेले आहे. शिलाई मशीन आणि एक ट्यूब यांना 300 युनिटे लागत नाहीत. व्यापारी जोडणीचा खर्च न परवडणाऱ्या बाईने धंदा बंद करावा, असे कायदा म्हणत नाही. घाबरवणारा म्हणतो.

समोरच्याचे म्हणणे

मालक म्हणतो, भाडेकरूच्या नावावर मीटर दिले की तो खोलीवर हक्क सांगेल. ही भीती खरी असेलही, पण कायद्यात तिला आधार नाही. वीज बिल ताबा दाखवते, मालकी देत नाही. जोडणी मिळाली म्हणून कोणाचा सातबारा बदलत नाही. आणि मालकाला खरेच सुरक्षित राहायचे असेल तर त्याने नोंदणीकृत करार करावा. भाडे नियंत्रण कायदा 1999 जिथे लागू आहे, तिथे कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि कलम 29 प्रमाणे वीजपाणी तोडायला त्याला मनाई आहे. चाकणच्या वाड्यावस्त्यांत हा कायदा लागू आहे की नाही हे आधी तपासा. पण करार न करणे हा भाडेकरूचा गुन्हा नाही, हे सगळीकडे खरे आहे.

यंत्रणा म्हणते, बांधकामे अनधिकृत आहेत. बरोबर. पण अनधिकृत बांधकामाच्या मालकासाठी हेच सरकार किती मऊ झाले ते आठवा. 2001 ला गुंठेवारी कायदा आला, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर माफ व्हावा म्हणून निवडणुकांमागून निवडणुका लढल्या गेल्या आणि 2023 मध्ये तो माफ झाला. माझा त्याला विरोध नाही. अर्ध्या गुंठ्यात घर बांधणाऱ्या गरिबांचाही त्यात फायदा झाला. पण प्रश्न उरतोच. मालकाचे अनधिकृत बांधकाम नियमित होऊ शकते, तर त्याच बांधकामातल्या भाडेकरूचे मीटर का होऊ शकत नाही? मालक मतदार आहे, भाडेकरूचे नाव गावाकडच्या यादीत आहे. उत्तर एवढेच आहे.

यंत्रणा आणखी म्हणते, भाडेकरू निघून जातो, थकबाकी राहते. त्यासाठीच अनामत आहे. त्यासाठीच कलम 56 ची पंधरा दिवसांची नोटीस आणि खंडित करण्याचा अधिकार आहे. आणि आज दहा खोल्यांची वीज एका मीटरवर चालते तेव्हा भार वाढतो, वायर तापते, पत्र्याच्या खोल्यांत आगीची टांगती तलवार राहते. दहा नोंदलेले ग्राहक कंपनीला परवडतात की एक जळालेला डीपी?

आपल्याही भिंतीवर बघा

आता थोडे आपल्याकडे. या पट्ट्यात आपल्यातलेही काही जण मालक झालेत. कंपनीत कायम झाले, घर बांधले, वर चार खोल्या काढल्या. चांगले झाले. पण त्या चार खोल्यांना सब-मीटर आहे ना? वहीत आकडा टिपतो ना? आणि तो दर बिलापेक्षा जास्त आहे ना? दारावर पंचशील ध्वज आणि आत वहीचा दर, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. शोषणाची रीत आपण वरच्यांकडून शिकलो म्हणून ती आपली संस्कृती होत नाही.

आणि जयंतीचे. चौकात रोषणाई झालीच पाहिजे, तो आपला सण आहे. पण ज्या वस्तीत लाखाची रोषणाई होते, त्याच वस्तीत किती जणींच्या नावाने मीटर नाही, याची यादी मंडळाकडे असायला हवी. ज्या बाबासाहेबांची आपण रोषणाई करतो त्यांचा विजेशी संबंध फोटोपुरता नव्हता. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते त्यांच्याकडे होते आणि वीजनिर्मितीचे धोरणही त्याच खात्यात होते. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग नाही, आणि उद्योगाशिवाय या देशाची गरिबी हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मागितले. जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचारी खासगीकरणाविरुद्ध संपावर गेले तेव्हा आपण त्यांच्या बाजूने उभे राहिलो ते याच विचाराने. पण मग त्या सार्वजनिक कंपनीला आपण विचारले पाहिजे की तुमची खिडकी सार्वजनिक आहे का? खराबवाडीची भाडेकरू त्या खिडकीशी थेट बोलू शकते का, की तिला एजंट लागतो?

मग करायचे काय

एक. प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहाराने एका रविवारी यादी करावी. किती खोल्या, किती मीटर, सब-मीटरचा दर काय. नावे जाहीर करायची नाहीत, कारण खोली जाण्याची भीती खरी आहे. पण आकडा हातात हवा.

दोन. एकट्या ताईला पुढे करू नका. दहा खोल्यांचे दहा अर्ज एकाच दिवशी भरा. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. ताब्याचा पुरावा म्हणून जे आहे ते जोडा. 2022 च्या निकालाची प्रत सोबत लावा. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

तीन. पैसे मागितले तर कशाचे, ते तक्त्यात दाखवायला सांगा. रोहित्राचे नाव निघाले तर 2006 च्या आदेशाचे नाव काढा. लेखी उत्तर नाही, पावती नाही, तर पैसे नाहीत.

चार. अर्ज अडला तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तिथे वकील लावावाच लागतो असे नाही. आपल्यातले कायद्याचे, समाजशास्त्राचे, समाजकार्याचे इतके विद्यार्थी आहेत, एकेकाने एक तक्रार चालवली तरी पुष्कळ.

पाच. मागणी राजकीय करा. जीवनप्रकाश योजना मुदतीची नको, कायमची हवी, आणि तिच्यात भाडेकरूचे नाव स्पष्ट लिहिलेले हवे. दाखला कोणत्याही जिल्ह्याचा चालावा. कमी भाराच्या जोडणीला अनामत हप्त्यांत घ्यावी. चाळ बांधून भाडे घेणाऱ्याने प्रत्येक खोलीला मीटर घेणे सक्तीचे करावे. महापालिका आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुकांत उमेदवार आपल्या दारात आला की त्याला आधी भिंतीवरचे मीटर दाखवा.

1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही पुढे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी मिळाले होते. तरी 20 मार्च 1927 पर्यंत आपल्या माणसाच्या ओंजळीत ते आले नाही, आणि आल्यावरही उच्च न्यायालयात ते टिकवायला 1937 उजाडले. कागदावरचा हक्क चालत आपल्या घरी येत नाही, त्याच्याकडे चालत जावे लागते, तेही घोळक्याने.

विजेचा कागद 2003 ला आला, 2022 ला न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. आता तळ्यापर्यंत चालत जायचे बाकी आहे. परभणीची ती ताई अजून त्याच खोलीत आहे. येत्या रविवारी आम्ही काही जण तिच्या वाडीत दहा अर्ज भरायला बसणार आहोत. तुमच्या वस्तीत कोण बसणार, ते ठरवा.

जय भीम.